सगळं कोसळत असताना साहित्याचा अभ्यास कशासाठी करायचा?

ओलीपाटी

हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज काढतेच.

मी मराठी साहित्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. विषय सोप्या भाषेत सांगायचा तर आत्मपर लेखनात माणूस 'मी' कुठे म्हणतो आणि कुठे म्हणायचं टाळतो. माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे. २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा तो रेसिडेंट होता, आयसीयूत ड्यूटी. मी घरात बसून एमएच्या परीक्षेची तयारी करत होते. त्याचा रात्री फोन यायचा, काय करतेस विचारायचा, आणि मला खरंच सांगायला लाज वाटायची. तो नंतर त्या दिवसांबद्दल एक अक्षरही बोललेला नाही, अजूनपर्यंत नाही.

आता सकाळी फोन उघडला की कुठे युद्ध, कुठे पूर, कुठे उष्णतेची लाट, आणि मी टेबलावर कार्डं मांडून सर्वनामं मोजतेय. मागच्या आठवड्यात गाइडना चॅप्टर पाठवायचा होता, तयार असून पाठवला नाही.

प्रश्न वाचनाबद्दल नाही. वाचल्याने बरं वाटतं हे मला माहितीये, तो सल्ला प्लीज देऊ नका. प्रश्न अभ्यासाबद्दल आहे. वर्षानुवर्षं संहिता उलगडत बसण्याबद्दल. अशा काळात ते का करायचं?

वाळवी

शीर्षक वाचून वाटलं परीक्षा पुढे ढकलायचा अर्ज आहे :) आत वाचलं आणि हसू गेलं. सविस्तर लिहायचंय, तोवर जागा धरून ठेवते.

लोखंडी_पूल

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी पुलांच्या देखभालीचं काम करतो. पाणी धोक्याच्या खुणेपर्यंत आलं की रात्री दोनला उठून जायचं आणि पूल बंद करायचा की नाही ते तिथे उभं राहून ठरवायचं, चूक झाली तर माणसं जातात. त्या वेळी कवितेचा अर्थ कुणाला हवा नसतो.

साहित्य नको असं म्हणत नाहीये, मी स्वतः वाचतो. पण समाजाकडे हुशार तरुण माणसं मोजकी आणि पैसा त्याहून मोजका. घर पेटलं असताना एकाने पडद्यांच्या नक्षीवर प्रबंध लिहायचा हे मला पटत नाही. संकट सरल्यावर करा की.

खडूफळा

लोखंडी_पूल साहेब, संकट सरल्यावर म्हणजे नेमकं कधी? मी ३१ वर्षं शिकवलं, एक वर्ष असं आठवत नाही की वर्गातल्या कुठल्याच मुलाच्या घरात काही कोसळत नव्हतं.

हाच प्रश्न २२ ऑक्टोबर १९३९ ला ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांपुढे होता. युद्ध सुरू होऊन सात आठवडे झालेले, बाकांवर बसलेल्यांतले कितीतरी आज ना उद्या आघाडीवर जाणार. त्यांच्यासमोर सी. एस. लुईस बोलायला उभे राहिले. ते स्वतः तिथेच साहित्य शिकवणारे आणि पहिल्या महायुद्धात जखमी झालेले, म्हणजे आरामखुर्चीतून बोलणारा माणूस नव्हे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की युद्धाने नवीन काही आणलेलं नाही, माणूस कायम कड्याच्या टोकावरच जगत आला, आणि सगळं सुरक्षित झाल्यावर विद्या करू असं ठरवलं असतं तर विद्येला सुरुवातच झाली नसती.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं. १९३२ साली बाहेर कायदेभंगाची चळवळ चालू होती आणि धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, १८ रविवार, १८ अध्याय. साने गुरुजी बसून शब्द न शब्द उतरवून घेत होते. यातलं कुणीही संकटापासून पळून आलेलं नव्हतं हो, संकटात उडी घेतली म्हणूनच आत होते सगळे.

लोखंडी_पूल

सर, आदर आहेच. पण गीता हा श्रद्धेचा ग्रंथ, त्यातून धीर मिळतो. ताईंचा प्रश्न सर्वनामं मोजण्याबद्दल आहे.

अर्धविराम

मग हे बघा, यात श्रद्धेचा प्रश्नच येत नाही. १९४०-४१ चा हिवाळा, रशियातल्या ग्र्याझोवेट्सची युद्धकैद्यांची छावणी. पकडलेले पोलिश अधिकारी, त्यांचे हजारो सोबती १९४० च्या वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले गेलेले, पण यांना तेव्हा ते माहीत नाही. दिवसभर गोठवणाऱ्या थंडीत राबायचं आणि संध्याकाळी ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं. युझेफ चाप्स्की नावाच्या चित्रकाराने विषय घेतला प्रूस्तची कादंबरी. हाताशी पुस्तक नाही, टिपणं नाहीत, सगळं आठवणीतून. थकलेली माणसं दाटीवाटीने बसून एका फ्रेंच लेखकाचं लांबलचक वाक्य कसं चालतं ते ऐकत होती.

चाप्स्कीने पुढे लिहून ठेवलंय की आपली बुद्धी अजून चालते आणि छावणीशी संबंध नसलेल्या गोष्टीला उत्तर देते, हे कळण्याचा तो आनंद होता.

तळटीप

हे सगळं वाचून छान वाटतं आणि त्याचीच मला भीती वाटते. मी याच क्षेत्रात नोकरी करतो तरी विरुद्ध बाजूने लिहितो.

बुखेनवाल्डची नाझी छळछावणी जर्मनीतल्या वायमारपासून जेमतेम ८ किलोमीटरवर होती. वायमार म्हणजे जर्मन महाकवी गटेचं गाव. छावणीसाठी जंगल तोडलं तेव्हा एक ओक 'गटेचा ओक' म्हणून मुद्दाम राखला होता, चक्क कुंपणाच्या आत! म्हणजे ज्यांनी छावणी बांधली त्यांना गटे माहीत होता, त्याचा मान होता. साहित्याने माणूस चांगला होतो हे वाक्य मी तेव्हापासून वर्गात उच्चारत नाही.

आणि कुणी तो २०१३ चा 'सायन्स'मधला प्रयोग आणायच्या आत सांगतो. साहित्यकथेचा उतारा वाचल्यावर लगेच दुसऱ्याच्या मनातलं जास्त ओळखता येतं असा निष्कर्ष होता, जगभर बातम्या झाल्या. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तर परिणाम सापडला नाही. तेव्हा सहानुभूतीचं औषध म्हणून साहित्य विकू नका ही विनंती.

वाळवी

धरलेली जागा आता भरते. तळटीप यांच्याशी शंभर टक्के सहमत आणि तिथूनच पुढे जाते.

ड्रेस्डेनला व्हिक्टर क्लेम्परर नावाचे प्राध्यापक होते, फ्रेंच साहित्याचे अभ्यासक. जन्माने ज्यू. १९३५ मध्ये नोकरी गेली. पुढे ग्रंथालयात जायची बंदी, मग घर गेलं, टाइपरायटर गेला, पाळलेलं मांजरसुद्धा ठेवता येईना. पत्नी ज्यू नव्हती आणि तिने साथ सोडली नाही म्हणून जीव वाचला. अठराव्या शतकावरचं त्यांचं काम पुस्तकांअभावी बंद पडलं. मग अभ्यास कशाचा करायचा? त्यांनी समोर जे होतं ते घेतलं. वर्तमानपत्राचा कागद, कारखान्यातली बोलणी, लाउडस्पीकरवरची भाषणं आणि मृत्यूच्या जाहिराती. हो, आघाडीवर मुलगा गेला की घरचे देतात त्या. 'नेत्यासाठी (म्हणजे हिटलरसाठी) आणि पितृभूमीसाठी' असा साचा ठरलेला होता, आणि कुठलं घर त्यातला नेता गाळून नुसती पितृभूमी ठेवतं हे ते बघायचे. 'फनाटिश' म्हणजे माथेफिरू, हा शिवीसारखा शब्द बघता बघता कौतुकाचा कसा झाला याची नोंद ठेवायचे. डायरीची पानं पत्नी लपवून एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोचवायची. सापडली असती तर नुसत्या त्या पानांसाठी किती जण गेले असते. १९४७ मध्ये त्यातून पुस्तक झालं.

माझं म्हणणं एवढंच की क्लेम्परर यांना साहित्याने सज्जन बनवलं की नाही मला ठाऊक नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासायची सवय होती म्हणून त्यांना शब्द सडताना ऐकू आला. आणि तो बाजूच्यांना ऐकू येत नव्हता, चांगल्या माणसांनाही नाही, हे ते स्वतःच लिहितात.

ओलीपाटी, 'का करायचं' याला माझ्याकडचं उत्तर हेच. कान तयार करायला वर्षं लागतात आणि गरज पडते त्या दिवशी ते एका दिवसात तयार होत नाहीत.

मुकाट_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय इथे, सांभाळून घ्या. २०२० मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज एक मेसेज, 'माझ्या मित्राचा भाऊ डॉक्टर आहे, त्याने सांगितलंय' अशी सुरुवात. बारावीच्या आमच्या बाईंनी एकच गोष्ट घोटून घेतली होती, कथा वाचताना आधी विचारायचं, निवेदक कोण, त्याला हे कसं कळलं, आणि तो कुठे उभा राहून सांगतोय. मी प्रत्येक मेसेजला हे तीन प्रश्न विचारायला लागले. 'मित्र' कुणाचा? आधी ज्याने लिहिलं त्याचा की आता पाठवला त्याचा? तीन घरांतून तोच मेसेज आला आणि तिन्ही घरांत तो 'माझा' मित्र! ग्रुपवर सगळे वैतागले माझ्यावर, पण काका वाफेच्या भलत्याच प्रयोगाने भाजून घ्यायचे थांबले.

वाळवी

मुकाट_वाचक, टाळ्या! आणि आता मुकाट राहू नका.

रात्रपाळी

नर्सिंगला येण्याआधी मी मराठी घेऊन बीए केलं होतं, फुकट गेलं असं घरी सगळे म्हणायचे.

लाटेत आमच्या वॉर्डमधून नातेवाइकांना रोज एक फोन जायचा. आम्हाला वाक्य दिलेलं, 'प्रकृती स्थिर आहे.' व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलाही तेच. आपल्या लेखी स्थिर म्हणजे कालच्यासारखं, फोनच्या पलीकडे ऐकणाऱ्याला स्थिर म्हणजे बरं. दुसऱ्या दिवशी वाईट बातमी गेली की लोक ओरडायचे, काल तर स्थिर म्हणालात! फसवल्याचा राग होता तो आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. मग मी ते वाक्य सोडलं. 'काल होते तसेच आहेत, आणि काल ते खूप आजारी होते,' असं म्हणायला लागले. सिस्टरांशी वाद झाला. पण ओरडणं कमी झालं आणि रडणं वाढलं, आणि रडणाऱ्या माणसाशी बोलता येतं.

लोखंडी_पूल दादा, ही नक्षी नव्हती हो. एक शब्द होता, आणि तो चुकीचा शब्द आहे हे मला वर्गात कवितेतले शब्द पारखताना लागलेल्या सवयीने कळलं.

अवांतर नाही म्हणून सांगते, न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात रिटा शॅरॉन म्हणून डॉक्टर आहेत, वैद्यकाबरोबर इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट केलेल्या. २००० पासून त्यांनी 'नॅरेटिव्ह मेडिसिन' नावाने काम उभं केलं. त्यांच्याकडे शिकाऊ डॉक्टर पेशंटच्या केसपेपरला समांतर दुसरा कागद लिहितात, साध्या भाषेत. जे केसपेपरमध्ये लिहिता येत नाही पण कुठेतरी लिहायलाच हवं, ते तिथे. मग सगळे बसून ते वाचतात, कविता वाचावी तसं.

अर्धविराम

यावरून तुकोबा आठवले. १६३० च्या सुमारच्या दुष्काळात पत्नी अन्न अन्न करत गेली हे त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगितलंय. तिथे ते 'स्त्री एकी' म्हणतात, 'माझी' म्हणत नाहीत. ओलीपाटी, तुमच्याच विषयातलं आहे की. इतकं जवळचं दुःख, आणि सांगताना माणूस एक पाऊल मागे सरकतो.

तळटीप

थांबा जरा. त्यांना दोन बायका होत्या, म्हणून 'एकी', म्हणजे दोघींपैकी एक. साधा हिशेबाचा शब्द आहे, त्यावर एवढं ओझं टाकू नका. साहित्याच्या अभ्यासाची बदनामी अशाच वाचनाने होते.

अर्धविराम

असेल. पण त्याच अभंगात आधी ते म्हणतात की हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. म्हणजे संकोच मी घुसवलेला नाही, तो तिथे लिहिलेला आहे. आणि पुढच्याच ओळीत लाज हा शब्द येतो. 'एकी' तुम्ही घ्या, 'नये बोलो' मला द्या :)

तळटीप

'नये बोलो' मान्य. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

खडूफळा

बघा, दोन ओळींवर दोघं भांडले आणि शेवटी दोघांनी अभंग पुन्हा उघडून पाहिला. माझ्या नोकरीचं सार हेच होतं. मात्र खंत एक आहेच, वर्गात हे घडत नाही. गाइडातली उत्तरं पाठ, 'निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' लिहा आणि पाच गुण घ्या. त्या अभ्यासाची बाजू मी मुळीच घेणार नाही, संकट असो वा नसो.

ओलीपाटी

तीन दिवस आले नाही, कारण आहे.

रात्रपाळी ताईंनी लिहिलेलं ते समांतर कागदाचं मी भावाला फॉरवर्ड केलं. नुसतंच, काही न लिहिता. दोन तास काही नाही. मग त्याने फोनच्या नोट्समधली एक फाइल पाठवली, एप्रिल-मे २०२१ ची. खाली एवढंच, 'हे काय आहे ते सांग, तुझा विषय आहे ना.'

चाळीसेक नोंदी, प्रत्येक दोन-तीन ओळींची, प्रत्येक नोंद गेलेल्या एकेका पेशंटची. मी पहिल्यांदा वाचू शकले नाही. दुसऱ्या दिवशी कार्डं घेऊन बसले, जसं रोज बसते तसं, कारण दुसरं काही मला येतच नाही. सगळी वाक्यं एकाच वळणाची. 'ऑक्सिजन वाढवण्यात आला.' 'नातेवाइकांना कळवण्यात आले.' 'बेड रिकामा करण्यात आला.' करणारा कुणीच नाही. चाळीस नोंदींत एकही 'मी' नाही. आणि मग मे महिन्यातल्या एका नोंदीत, मध्येच, 'मुलीला व्हिडिओ कॉल लावून देण्यात आला. मी फोन धरला होता.' पुढची नोंद परत पहिल्यासारखी.

मी त्याला फोन केला आणि सांत्वन वगैरे काही केलं नाही. एवढंच विचारलं की सगळीकडे 'करण्यात आला' आहे, इथेच 'मी' का आलाय.

तो बराच वेळ गप्प होता. मग बोलायला लागला. फोन धरून हाताला रग लागली होती पण हलवला तर मुलीला वडील दिसणार नाहीत म्हणून हलवला नाही, तिथून सुरू झाला आणि पहाटे चारला थांबला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्याच्या परवानगीने लिहितेय, तपशील बदललेत. बाकी मला आत्ता काही सुचत नाहीये.

मुकाट_वाचक

वाचून फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

रात्रपाळी

भावाला सांगा, आम्हीही धरलेत ते फोन. हाताची ती रग मला माहितीये.

वाळवी

डोळे भरून आले. आणि डॉक्टरचं अक्षर लागलं कसं, असा प्रश्न आला होता मनात, मग लक्षात आलं की टाइप केलेलं होतं :)

तळटीप

ओलीपाटी, भावाला नमस्कार सांगा. तरी एक म्हणतो, आणि प्रेमाने म्हणतो. एका बहिणीने एका भावाची वही नीट वाचली, यावरून प्रत्येक पीएचडी आवश्यक ठरत नाही. विचारायची ती एक जागा तुम्हाला सापडली कारण तीन वर्षं तुम्ही तेच शोधताय, हे मात्र खरं. कुणी प्रेमाने 'कसा आहेस' विचारलं असतं तर तो 'ठीक' म्हणाला असता.

ओलीपाटी

विचारलं होतं ना. पाच वर्षं विचारत होते, घरचे सगळेच. तो 'ठीक'च म्हणायचा.

लोखंडी_पूल

मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेत नाही, रात्री दोनला पुलावर अजूनही आधी इंजिनियरच लागेल. पण ताईंचा प्रतिसाद वाचून काल ऑफिसात माझेच जुने तपासणी अहवाल काढले. 'पुलाची पाहणी करण्यात आली.' 'तडे आढळून आले.' 'वरिष्ठांना अवगत करण्यात आले.' सतरा वर्षांचे अहवाल, कुठेही कुणी पाहिलं, कुणी कुणाला सांगितलं ते नाही. उद्या काही झालं तर त्या कागदावरून कुणालाच काही विचारता येणार नाही. आम्हाला वाटायचं ही कार्यालयीन भाषा आहे, सभ्य भाषा.

आज एका अहवालात लिहिलं, 'तिसऱ्या खांबाच्या पायाशी माती वाहून गेलेली मी पाहिली आणि त्याच दिवशी लेखी कळवलं.' संध्याकाळी कागद परत आला. 'मी पाहिली' लाल शाईने खोडून वर 'आढळून आली' केलेलं.

ओलीपाटी

दादा, तो खोडलेला कागद फेकू नका. तुमचं, पुलाचं, ऑफिसचं नाव झाकून फोटो पाठवाल का? चॅप्टर पाठवायचा थांबवलाय, त्यात एक भाग वाढवतेय.

लोखंडी_पूल

पाठवतो. पण आधी ते वाक्य पुन्हा लिहून परत वर पाठवलंय, तिकडून काय येतं ते बघून दोन्ही एकदम पाठवतो.